उसना गळा

मंगळवारी सकाळी साडेअकराला, पांढऱ्या केसांचा टोप डोक्यावर चढवून घेत असताना रत्नाबली साहाला तो फोन आला. टोप बसवणाऱ्या बाईने दातांत पिना धरल्या होत्या, म्हणून रत्नाबलीने मान न हलवता फोन आरशापाशी ठेवूनच घेतला. पलीकडून एक तरुण बाई मोठ्या आदराने बोलू लागली. आपलं नाव देबारती सेनगुप्त, आपण जुने चित्रपट दुरुस्त करणाऱ्या संस्थेत आहोत, ‘उजानघाट’ आता नव्यासारखा झाला आहे आणि येत्या रविवारी पाच वाजता दाखवायचा आहे, असं तिने सांगितलं. रत्नादी, तुमच्याशिवाय तो दाखवण्यात काही अर्थच नाही, असंही म्हणाली. रत्नाबली हसून हो-हो करत होती.

मग देबारती म्हणाली, “अजून एक गोष्ट आहे. आवाजाच्या डब्यांत एक जास्तीचं रीळ निघालंय. त्यात जो आवाज आहे, तो चित्रपटातला नाही. मी गुरुवारी येऊ का तुमच्याकडे? तुम्ही ऐकलंत तर उलगडा होईल.”

रत्नाबलीने फोन उचलून कानाला लावला, पण तोवर वाक्य संपलं होतं. गुरुवारी चार वाजता ये, असं सांगून तिने फोन बंद केला. पिनावाल्या बाईने विचारलं, दिदी, टोप घट्ट झाला का, चेहरा का असा झाला? रत्नाबली म्हणाली, हो, थोडा घट्ट झालाय.

‘उजानघाट’ला चाळीस वर्षं झाली होती. तेव्हा ती एकवीस वर्षांची, जादवपूरच्या अलीकडच्या निर्वासितांच्या कॉलनीत राहणारी, पत्र्याच्या छपराखाली वाढलेली मुलगी. बाप पूर्व बंगालातल्या बरिशालहून आलेला. घरात सगळे तिकडचंच बोलायचे, ‘स’चा ‘ह’ करून, शब्दांची शेपटं ओढून. हौशी नाटकात तिला पाहून निशीथ लाहिरी या दिग्दर्शकाने, शुद्ध बंगालीसाठी नावाजलेल्या शांतिपूरच्या जमीनदार घराण्याच्या सुनेचं काम दिलं. डोळे असे पुन्हा मिळणार नाहीत, असं तो सगळ्यांना सांगत सुटला होता. शूटिंग संपलं, चित्रपट जोडून झाला आणि मग निर्मात्याने तो पाहून मान हलवली. ही त्या घरची सून वाटते, पण तोंड उघडलं की कॉलनीतली वाटते, म्हणाला. रेडिओवर नाटकं करणाऱ्या तंद्रा गांगुली नावाच्या बाईला बोलावून अकरा दिवसांत सगळा आवाज बदलून घेतला गेला. रत्नाबलीला हे शेवटी कळलं, निर्मात्याच्या कचेरीत, चहाचा कप हातात असताना. हे बाहेर जाता कामा नये, गेलं तर पुढचं काम विसर, असं तिला बजावण्यात आलं आणि तिने मान डोलावली.

चित्रपट एकोणीस आठवडे चालला. नदीच्या घाटावर सासऱ्याला उद्देशून ती जे बोलते ते पानवाल्यांच्या तोंडी झालं. त्या वर्षीचं सिनेपत्रकारांचं सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं पारितोषिक तिला मिळालं. दरम्यान ती आठ महिने एका निवृत्त मास्तरीणबाईंकडे जाऊन जीभ वळवून घेत होती. दुसऱ्या चित्रपटात तिचा स्वतःचा आवाज आला तेव्हा लोकांनी विचारलं, हा वेगळा कसा? निशीथबाबूंनी तिच्या वतीने सांगून टाकलं की मध्यंतरी विषमज्वर झाला, त्यात गळा बसला. पुढे सत्तरेक चित्रपट, सहा हंगाम जात्रा या बंगाली लोकनाट्याचे तंबू, मग अठरा वर्षं मालिका. प्रत्येक मुलाखतीत विषमज्वर आलाच. काही दिवसांनी तिला तो ताप आठवूसुद्धा लागला होता. आई कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवायची, वगैरे.

तो चित्रपट मात्र तिने कधी पुरा पाहिला नव्हता. पहिल्या खेळाला दहा मिनिटं बसली. पडद्यावर आपले ओठ हलताहेत आणि त्यातून दुसरीच बाई बोलते आहे, हे तिला पाहवेना. बाहेर जाऊन जिन्यावर बसली ती शेवटपर्यंत. समारंभात लोक घाटावरचं ते बोलणं म्हणून दाखवा म्हणायचे, तेव्हा ती हात जोडून म्हणे, ते त्या दिवसाचं होतं, त्या दिवसाबरोबर गेलं. लोकांना ते फार आवडायचं.

बुधवारी शूटिंगच्या फ्लोअरवर तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. मालिकेत ती आजेसासू होती. नातसुनेला तुळशीपाशी उभं करून चार वाक्यं बोलायची होती, ती पाच वेळा चुकली. रत्नाबली साहा पहिल्याच वेळी वाक्य देते, अशी तिची ख्याती होती, त्यामुळे सगळे जरा गप्प झाले. दिग्दर्शकाने येऊन बीपी तपासून घ्या म्हणून सांगितलं. तिला वाटलं, यांना कळलंय. नातसुनेचं काम करणारी मुलगी कोपऱ्यात मोबाईलमध्ये पाहून हसली, तर तिला वाटलं, आलं वाटतं कुठे काही. दुपारी जेवणाच्या डब्यातली माशाची तुकडी तशीच राहिली.

गुरुवारी देबारती वेळेवर आली. तिशीची, सुती साडी, खांद्याला मोठी पिशवी. रत्नाबलीचा थोरला भाऊ शुधांशु बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसला होता. बायको गेल्यापासून तो बहिणीकडेच राहायचा. देबारतीने त्याला वाकून नमस्कार केला, चहा घेतला, आणि लॅपटॉप उघडून रत्नाबलीच्या कानांवर हेडफोन चढवले.

आधी वारा ऐकू आला. मग कुणीतरी ओरडलं, होडी बाजूला घ्या. आणि मग एक मुलगी बोलू लागली. आवाज पातळ, किंचित फाटका, ‘स’च्या जागी ‘ह’. मध्येच अडखळली, स्वतःशीच हसली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. रत्नाबलीने हेडफोन कानांवर घट्ट दाबून धरले. हा आवाज तिने कधीच ऐकला नव्हता, कारण त्या वयात कुणाच्या घरात कसलं यंत्र होतं? पण पहिल्या शब्दालाच तिने ओळखला. आईचाही आवाज असाच होता.

देबारती सांगत होती की शूटिंगच्या जागी खुणेपुरता आवाज घेत, मागाहून स्टुडिओत पक्का करत. पण हा तुमचा तर नाही. चित्रपटातल्या आवाजाशी अजिबात जुळत नाही. बहुधा कुणी मुलगी तुमच्या जागी उभी राहून वाक्यं वाचत असावी. किती जिवंत वाचलंय पाहा. मला तिचं नाव हवंय, शेवटी श्रेयनामावलीत द्यायचं आहे. “कोण होती ही, रत्नादी? आठवतं काही?”

रत्नाबलीने हेडफोन काढून मांडीवर ठेवले. शुधांशु पेपरच्या वरून पाहत होता.

“असेल कुणी साहाय्यक मुलगी,” ती म्हणाली. “खूप जणी होत्या. नावं कुठे लक्षात राहतात?”

देबारतीचा चेहरा उतरला. मग ती म्हणाली की एक धागा आहे. स्टुडिओच्या जुन्या वहीत त्या चित्रपटापुढे ‘टी. गांगुली, अकरा दिवस’ अशी नोंद सापडली आहे. कदाचित तीच असेल. चौकशी करतेय, सापडेल एकदोन दिवसांत. असं म्हणून ती गेली.

दार लागल्यावर शुधांशुने पेपरची घडी घातली. तो आपल्या मूळच्या बोलीत म्हणाला, “तुझाच आवाज होता ना? इथपर्यंत येत होता ऐकू.”

“हो.”

“मग नाही म्हणालीस ते बरं केलंस. चाळीस वर्षं निभावलं, आता म्हातारपणी कशाला उकरायचं? पारितोषिक परत मागतील. मालिकेवाले काढून टाकतील. गप्प राहा.”

त्याचं खोटं नव्हतं. पण रत्नाबलीला पारितोषिकाची भीती त्या क्षणी वाटत नव्हती. आपण आत्ता आपल्याच मुलीला ओळख दिली नाही, असं काहीतरी तिला वाटत होतं, आणि तिला तर मूलबाळ नव्हतं. ते वाटणं तिने झटकून टाकलं. देबारतीच्या आधी तंद्रा गांगुलीला गाठलं पाहिजे, हे मात्र डोक्यात पक्कं बसलं.

पत्ता मिळायला शुक्रवार गेला. रेडिओवरच्या एका जुन्या निवेदकाकडून कळलं की बाई उत्तरपाड्यात मुलाकडे राहतात आणि मुलांना कविता म्हणायला शिकवतात. शनिवारी शूटिंगला ताप आल्याचं कळवून रत्नाबली टॅक्सीने निघाली. वाटेत नव्या गुळाच्या संदेश मिठाईचं खोकं घेतलं. हुगळी नदीवरच्या बालीच्या पुलावर गाड्या खोळंबल्या होत्या, आणि ती दर दोन मिनिटांनी ड्रायव्हरला विचारत होती, अजून किती. काय बोलायचं ते तिने चार प्रकारे जुळवून पाहिलं. चारही प्रकार विनवणीचेच होते.

दार सुनेने उघडलं. टीव्हीवरच्या आजेसासूला दारात पाहून ती गांगरली. बाहेरच्या खोलीत वर्ग चालू होता, म्हणून तिने रत्नाबलीला आतल्या खोलीत पलंगावर बसवलं आणि पाणी आणायला गेली. भिंतीपलीकडून दहा-बारा मुलं एका सुरात कविता म्हणत होती. मध्येच एक बाई त्यांना थांबवून एक ओळ स्वतः म्हणून दाखवी, आणि रत्नाबलीच्या अंगावर काटा येई. तो ‘उजानघाट’चा आवाज होता. म्हातारा झाला होता, खाली उतरला होता, पण तोच. वीस मिनिटं ती तो ऐकत बसली. पाणी तसंच राहिलं.

मुलं गेल्यावर तंद्रा गांगुली आत आली. सदुसष्टची असावी. काठी टेकत होती, जाड चष्मा. अवघी दोनदा भेट झाली होती दोघींची, तीही चाळीस वर्षांपूर्वी. ती समोरच्या खुर्चीवर बसली, सुनेला चहा करायला पाठवलं आणि म्हणाली, “चप्पल दाराबाहेर ठेवलीस का? आत आण. इथलं कुत्रं पळवतं.”

रत्नाबली चप्पल आत घेऊन आली. मग खालच्या आवाजात तिने सगळं सांगितलं. रीळ, वही, देबारती, उद्याचा खेळ. कुणी आलं होतं का, असं विचारलं.

“काल फोन आला होता. मी म्हटलं, सोमवारी ये.”

“काय सांगणार आहात तिला, तंद्रादी?”

“तू मला काय सांगायला सांगणार आहेस?”

टॅक्सीत जुळवलेलं सगळं रत्नाबली एकदम बोलून गेली. माझी दोनचार वर्षांची कामं उरली आहेत. लोक थट्टा करतील. तुमचंही नाव त्यात उगाच ओढलं जाईल. इतकी वर्षं तुम्ही सांभाळलंत, तुमचे उपकार आहेत, आता एवढंच आणखी. बोलता बोलता तिला स्वतःचीच लाज वाटली, पण थांबता येईना.

तंद्रादीने मिठाईच्या खोक्यावरची दोरी सोडवायला घेतली होती. गाठ सुटेना, तशी तिने ती तशीच ठेवली.

“मी कुणालाही सांगितलं नाही,” ती म्हणाली. “नवऱ्यालासुद्धा नाही. तो ‘उजानघाट’ पाहून आला आणि मला म्हणतो, त्या पोरीचा आवाज अगदी तुझ्यासारखा आहे गं. मी म्हटलं, असतो एखादीचा. कबूल केलं होतं म्हणून नाही सांगितलं. पण तुला पारितोषिक मिळालं ना, त्या दिवशी मला वाटलं, ही येईल. दुसरं काही नको होतं मला. दारात उभं राहून नुसतं म्हणाली असतीस, तंद्रादी, मिळालं, तरी चाललं असतं. त्या आठवड्यात मी घर सोडून कुठे गेले नाही. तू आलीस, पण आत्ता. आणि तीही माझ्या तोंडावर हात ठेवायला.”

 सूनबाई चहा घेऊन आली. ती गेल्यावर रत्नाबली म्हणाली, “मला तुमची भीती वाटायची. रेडिओवर तुमचं नाटक लागलं की दादा तो बंद करायचा. माझ्याच्याने ऐकवायचं नाही.” आणि मग, काय वाटलं कुणास ठाऊक, गुरुवारची गोष्टही सांगून टाकली. देबारतीने आपलाच आवाज ऐकवला आणि कुणाचा म्हणून विचारलं, तर आपण म्हणालो, असेल कुणी साहाय्यक मुलगी.

तंद्रादीने चष्मा काढला. आत्तापर्यंतचा सगळा राग ओसरून तिथे निव्वळ आश्चर्य दिसत होतं.

“ती तू होतीस हे तू तिला सांगितलं नाहीस?”

“नाही.”

“अगं, ते रीळ मी अकरा दिवस कानाला लावून बसले होते. कुठे थांबतेस, कुठे श्वास टाकतेस, सगळं तुझंच. मी फक्त शब्द घासूनपुसून दिले.” मग ती म्हणाली, “सोमवारी त्या मुलीला काय सांगायचं ते माझं मी बघेन. उद्याचं तुझं तू बघ.”

उद्या याल का, असं रत्नाबलीने उठताना विचारलं. गुडघे आहेत, एवढंच उत्तर मिळालं. वचन काही मिळालं नाही.

रविवारी ती चार वाजताच सभागृहात पोचली. तपकिरी काठाची टांगाइल साडी नेसली होती, आणि काठाचं टोक बोटाभोवती गुंडाळून गुंडाळून चुरगळलं होतं. शुधांशु बरोबर आला होता. दाराशी त्याने पुन्हा बजावलं, नमस्कार कर, दोन शब्द बोल, खाली ये. सभागृह भरत चाललं. पांढऱ्या केसांची माणसं बरीच, कॉलेजातली मुलंही. काही लोक येऊन पायाला हात लावत होते. घाटावरचं ते बोलणं आईला तोंडपाठ होतं, असं एकाने सांगितलं.  पळून जावं, दाराबाहेर टॅक्सी उभीच असेल, असं तिच्या मनात दोनदा आलं.

मंचावर देबारतीने माइक दिला आणि पहिलाच प्रश्न नेहमीचा विचारला. हा तुमचा पहिला चित्रपट, यानंतर विषमज्वराने तुमचा आवाज बदलला, तेव्हा काय वाटलं होतं? रत्नाबलीने तोंड उघडलं. ओल्या पट्ट्यांची ती गोष्ट जिभेवर तयार होती. तेवढ्यात तिचं लक्ष चौथ्या रांगेच्या कडेला गेलं. काठी गुडघ्यांत धरून तंद्रादी बसली होती, शेजारी सून.

“मला विषमज्वर झालाच नव्हता,” रत्नाबली म्हणाली.

पुढचं ती अडखळत, मागचंपुढचं उलटसुलट करत बोलली. निर्मात्याची कचेरी, अकरा दिवस, मास्तरीणबाई. ज्या आवाजासाठी तुम्ही टाळ्या वाजवता तो माझा नाही. आणि देबारती, ती साहाय्यक मुलगी मी आहे, तुझ्याशी गुरुवारी मी खोटं बोलले.  मागून कुणीतरी विचारलं, मग पारितोषिक कुणाचं? कुणी त्याला गप्प केलं. ती म्हणाली, “मलाही ठाऊक नाही. ज्यांचा आवाज आहे त्या तंद्रा गांगुली इथे बसल्या आहेत.” आणि तिने हात केला.

माना वळल्या. तंद्रादी उठली नाही. मांडीवरच्या पिशवीत काहीतरी शोधत राहिली. सून आ वासून तिच्याकडे पाहत होती. दोनचार ठिकाणी टाळ्या झाल्या आणि विरल्या. देबारतीने गोंधळून दिवे घालवायला सांगितलं.

रत्नाबली मंचावरून उतरली. शुधांशुशेजारची खुर्ची सोडून ती अंधारात चाचपडत चौथ्या रांगेत गेली. सून उठून पलीकडे सरकली आणि ती मधे बसली.

“विचारायचं तरी होतंस,” तंद्रादी दात आवळून म्हणाली. “सगळ्या उत्तरपाड्यात आता बोभाटा होईल. ही सून घरी गेल्यावर मला सोडणार आहे का?”

“चुकलं.”

“गप्प बस आता. सुरू झालं.”

दहा मिनिटं झाली, आणि रत्नाबली खुर्चीचे हात धरून बसून राहिली. या वेळी ती उठली नाही. पडद्यावरची मुलगी माडीवरून उतरली, पान लावलं, बोलली. हळूहळू रत्नाबलीला कळू लागलं की शब्द दुसरीचे असले तरी थांबणं आपलं आहे. तंद्रादी मध्येच पुटपुटायची, इथे मला सर्दी झाली होती, बघ. घाटाचा प्रसंग आला. सगळं सभागृह ओठ हलवत होतं. बोलणं संपलं, सासरा पाठ फिरवून गेला, आणि ती मुलगी पायरीवर बसून रडू लागली. तोंड दाबून, कुत्र्याच्या पिल्लासारखं, मधेच श्वास अडकून. तंद्रादीने रत्नाबलीच्या मनगटावर हात ठेवला.

“हे तुझं आहे.”

“काय?”

“रडणं. मी तीन दिवस करून पाहिलं, मला जमलं नाही. निशीथबाबूंनी रिळातलं तुझंच ठेवलं. तुला सांगितलं नाही त्यांनी?”

कुणीच सांगितलं नव्हतं. रत्नाबली पडद्याकडे पाहत राहिली. मनगटावरचा हात तंद्रादीने चित्रपट संपेपर्यंत काढला नाही.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत आलं. एकाने धैर्य म्हटलं, एका बातम्यांच्या पोर्टलने फसवणूक म्हटलं, आणि त्याखाली लोकांनी जे लिहिलं ते शुधांशुने तिला वाचू दिलं नाही. मालिकेवाल्यांनी सांगितलं की महिनाभर पाहू, प्रेक्षक काय म्हणतात ते. पत्रकारांच्या संघटनेचं पत्र आलं, लेखी खुलासा द्यावा म्हणून. तिने तो तीनदा लिहून फाडला आणि चौथ्यांदा पाठवला. उत्तर अजून यायचं होतं, आणि पोस्टमनची सायकल गल्लीत वाजली की तिचा जीव अजूनही खालीवर होत होता. देबारतीने मात्र नवी श्रेयनामावली करून पाठवली होती, तीत दोघींची नावं एकाच ओळीत होती.

गुरुवारी फ्लोअरवर असताना फोन वाजला. तंद्रादी होती. पोर्टलवाले दारात आले होते, शेजारच्या बायका चौकशा करताहेत, आणि सून तीन दिवस बोलत नाहीये, सासऱ्यांना नाही तर निदान मला तरी सांगायचं होतं म्हणून रुसून बसली आहे.

“तूच घोळ घातलास, तूच निस्तर,” तंद्रादी म्हणाली. “शनिवारी वर्ग सुटल्यावर ये. मी एकटी तिच्यापुढे बसणार नाही. आणि संदेश आणू नकोस, मला साखर आहे.”

रत्नाबलीने सहायक दिग्दर्शकाला गाठलं आणि शनिवारचं आपलं काम दुपारी दोनच्या आत संपवून द्या, अशी विनंती केली. तो वेळापत्रक चाळू लागला, तेव्हा सुनेशी काय बोलायचं याची तिने मनात जुळवाजुळव सुरू केली होती.